न बुडालेल्या जहाजांचे सामान

(मंडळाच्या सोहळ्यात मराठी शिक्षिकांतर्फे केलेले भाषण)



मंडळाने आम्हा प्राथमिक शाळेच्या शिक्षिकांना थोडा वेळ बोलायला सांगितले, आणि विषय तुमचा तुम्हीच निवडा, असेही सांगितले. आपल्या पूर्वजांच्या इतिहासावर विद्वान मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे, त्यात आम्ही काय भर घालणार? म्हणून आम्ही ठरवले की मुलांना घेऊन माहेबूरच्या संग्रहालयात गेलो होतो, तेथे काय पाहिले आणि परत आल्यावर काय झाले, तेवढेच सांगावे. त्यात आमच्या हातून झालेली एक चूकही आहे. ती सांगितली नाही तर पुढचे सगळे सांगून काही उपयोग नाही.

माहेबूरला जाण्याचे कारण मुलांनीच दिले. दोन नोव्हेंबरच्या आसपास दरवर्षी आपण मुलांना पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर नेतो. १८३४ साली ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर त्या दिवशी आले, म्हणून तो दिवस आपण पाळतो. आपली मराठी माणसे मुंबईच्या बंदरातून आली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची. घाटावर मुले त्या सोळा पायऱ्या मोजतात. दवाखाना, स्वयंपाकघर, मजुरांना ठेवत त्या जागेचे उरलेले दगड पाहतात. सगळे पाहून झाल्यावर चौथीतल्या एका मुलाने विचारले, “मिस, पायऱ्या पाहिल्या. पण आपले जहाज कुठे आहे?”

आम्ही एकमेकींकडे पाहिले. जहाज नाही, असे सांगितले. तो म्हणाला, “एक तुकडाही नाही?”

त्या मुलाचे समाधान व्हावे, जहाजाचे तुकडे कसे असतात ते तरी त्याने डोळ्यांनी पाहावे, म्हणून आम्ही पुढच्या सत्रात माहेबूरची सहल ठरवली. आम्ही चौघी शिक्षिका, तीन शाळांची एकतीस मुले, आणि मुलांना सांभाळायला आलेल्या चार आज्या. बसमध्ये दालपुरीचे पुडे होते आणि अशारची एक बाटली होती. ती रोझ बेलच्या अलीकडेच सांडली. पुढचा सगळा प्रवास मोहरीच्या वासात झाला.

माहेबूरचे संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बाहेरून पाहिलेले असेल. झाडांच्या सावलीत फ्रेंच काळातला जुना वाडा आहे. १८१० साली ऑगस्टमध्ये ग्राँ पोरच्या खाडीत इंग्रज आणि फ्रेंच यांची मोठी लढाई झाली, तेव्हा या वाड्याचे इस्पितळ झाले होते. इंग्रजांचा सरदार विलोबी आणि फ्रेंचांचा सरदार द्युपेरे, दोघेही जखमी झाले आणि दोघांवरही याच छपराखाली उपचार झाले. मुलांना ही गोष्ट फार आवडली. दोघे भांडले नाहीत का, असे त्यांनी विचारले. भांडण्याइतकी ताकद उरली नसावी, असे एक आजी म्हणाल्या.

त्या लढाईत इंग्रजांच्या चार मोठ्या युद्धनौका होत्या. खाडीतले खडक त्यांना नीट ठाऊक नव्हते. ‘सिरियस’ आणि ‘माजिसियेन’ या दोन नौका प्रवाळावर जाऊन बसल्या, काही केल्या सुटेनात, तेव्हा शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी स्वतःच त्यांना आग लावली. उरलेल्या दोन फ्रेंचांनी घेतल्या. पॅरिसच्या विजय-कमानीवर ग्राँ पोरचे नाव कोरलेले आहे. पण तीन-साडेतीन महिन्यांतच इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले. तिच्यात हिंदुस्थानातून आणलेले शिपाईही होते. डिसेंबर १८१० मध्ये हे बेट इंग्रजांचे झाले. ते इंग्रजांचे झाले म्हणूनच पुढे मुंबईहून आपली माणसे येथे आली. फ्रेंचांच्या विजयाची तोफ पाहताना आपण आपल्याच गोष्टीच्या दाराशी उभे असतो, हे आम्ही मुलांना त्यांच्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला.

पण आम्हाला सर्वांत जास्त वेळ थांबवले ते दुसऱ्या एका जहाजाने. त्याचे नाव ‘सें-जेराँ’.

‘पॉल आणि विर्जिनी’ ही गोष्ट या देशात शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. क्युरपिपला त्या दोघांचा पुतळा आहे. बेर्नार्दाँ द सें-पिएर यांच्या त्या कादंबरीतली विर्जिनी जहाज फुटून मरते, आणि वाचणारे गेली दोनशेहून अधिक वर्षे तिच्यासाठी रडत आले आहेत. विर्जिनी कल्पनेतली, पण जहाज खरे होते. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘सें-जेराँ’ मार्च १७४४ मध्ये लोरिआँ बंदरातून निघाले, आणि १७ ऑगस्टच्या रात्री आपल्या बेटाच्या ईशान्येला, इल दांब्रजवळच्या प्रवाळावर आपटून फुटले. किनारा डोळ्यांना दिसत होता. जहाजावर दोनशेहून अधिक माणसे होती. वाचली ती हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढीच.

ते जहाज पाण्याखाली सव्वादोनशे वर्षे पडून होते. १९६० नंतरच्या दशकात पाणबुड्यांना त्याची जागा सापडली आणि काही वस्तू वर आल्या. त्या जहाजाची घंटा आज माहेबूरला आहे. आमची मुले त्या घंटेसमोर गप्प उभी राहिली. एवढ्या मुलांना एकदम गप्प करणे किती कठीण असते, हे या सभागृहातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा.

आम्ही मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, या जहाजात साखरेच्या कारखान्याची यंत्रे होती. ला बुर्दोने यांनी विल्बागला सुरू केलेल्या साखर कारखान्यासाठी ती येत होती. या ला बुर्दोनेंच्याच नावावरून माहेबूरला त्याचे नाव मिळाले आहे. म्हणजे साखरेचे लोखंड आपल्या पूर्वजांच्या नव्वद वर्षे आधी या बेटाकडे निघाले होते. ते लोखंड बुडाले, दुसरे आले. आणि त्या यंत्रांत ऊस घालायला माणसे लागली.

दुसरी गोष्ट सांगताना आमचा आवाज थोडा खाली आला. वाटेत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या गोरे बेटावर या जहाजाने गुलाम माणसे चढवली होती, बाया आणि पुरुष. तीही या बेटावर कामाला आणली जात होती. कप्तानाचे नाव पुस्तकांत आहे. विर्जिनी तर जन्मलीच नव्हती, तरी तिचे नाव सर्वांना पाठ आहे. त्या बायापुरुषांची नावे आम्हाला कुठे वाचायला मिळाली नाहीत. तशाच माणसांचे वंशज आज आपले शेजारी आहेत, आपल्या मुलांच्या वर्गात बसतात. आम्ही मुलांना म्हटले की या घंटेपाशी एक मिनिट त्यांच्यासाठीही उभे राहू या. आज्यांनी डोक्यावर पदर घेतला.

मग त्या मुलाने पुन्हा विचारले. तोच, घाटावरचा. “मिस, आपली जहाजे बुडाली नाहीत का?”

खरे उत्तर असे की, बहुतेक सुखरूप पोचली. वाटेत माणसे मेली, त्यांना समुद्रात सोडावे लागले, पण जहाजे घाटाला लागली, माणसे उतरवली आणि परत गेली. पुढे म्हातारी झाली आणि लाकडाच्या किमतीने मोडली गेली असतील. आपल्यासारख्याच गिरमिटवाल्यांचे एक जहाज दूर फिजीच्या किनाऱ्यावर फुटले होते. ‘सीरिया’ त्याचे नाव. ११ मे १८८४ च्या रात्री ते नासिलाईच्या खडकावर आदळले. जहाजात जवळजवळ पाचशे माणसे होती, त्यातली ५९ गेली. आपण भाग्यवान, असे आम्ही मुलाला म्हटले. तो विचार करून म्हणाला, “म्हणून आपले काहीच संग्रहालयात नाही. बुडालो असतो तर असते.”

त्यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. बसमधल्या आजींना मात्र पुढे सुचले. ते सांगतोच.

आता थोडे या वस्तू वाचवण्याच्या कामाविषयी. सहलीला जाण्याआधी आम्ही त्याबद्दल वाचून गेलो होतो. मुलांना वाटते, पाणबुड्या खाली गेला, वस्तू उचलली, काचेच्या पेटीत ठेवली, संपले. प्रत्यक्षात वस्तू पाण्याबाहेर आली की तिचे खरे संकट सुरू होते. बिडाची तोफ शे-दोनशे वर्षे समुद्रात राहिली की मीठ तिच्यात खोल मुरते. “आंब्याच्या लोणच्यासारखे?” एका मुलीने विचारले. अगदी तसेच. वर प्रवाळाचा आणि वाळूचा जाड थर बसतो, आणि त्या थराच्या आत तोफ बऱ्यापैकी टिकून राहते. ती वर काढून तशीच वाऱ्यावर ठेवली, तर आत मुरलेले मीठ हवेतल्या ओलाव्याने कामाला लागते. लोखंड पापुद्र्यापापुद्र्याने सुटू लागते. समुद्रात दोन शतके टिकलेली तोफ अंगणात काही वर्षांत भुगा होते.

म्हणून जाणकार लोक ती ओलीच ठेवतात. खारट पाण्यातून काढली की क्षाराच्या टाकीत बुडवतात, तिच्यात मंद वीज सोडतात आणि मीठ हळूहळू बाहेर काढतात. याला महिने लागतात, मोठ्या तोफेला वर्षे लागतात. लाकडाचे तर त्याहून नाजूक. स्वीडनमध्ये ‘वासा’ नावाची युद्धनौका १६२८ साली पहिल्याच प्रवासात बुडाली होती. १९६१ साली ती वर काढली. लाकूड वाळले असते तर आक्रसून फाटले असते, म्हणून तिच्यावर मेणासारखा पदार्थ मिसळलेल्या पाण्याचा फवारा तब्बल सतरा वर्षे मारत होते. चांदीची नाणी काळी पडून एकमेकांना चिकटतात, त्यांचा गोळा होतो. काशाची घंटा त्या मानाने चिवट. घंटेवर नाव किंवा साल असले तर फुटके जहाज कोणते, तेही कळते.

आणखी एक गोष्ट आम्ही त्या वाचनात शिकलो. वस्तू ज्या जागी, ज्या वस्तूच्या शेजारी पडली आहे, ती जागाही तिच्या गोष्टीचा भाग असते. भांडे चुलीशेजारी सापडले तर ते आचाऱ्याचे, पेटीत सापडले तर प्रवाशाचे. जागा न लिहिता वस्तू उचलली की वस्तू हाती येते आणि गोष्ट जाते. जगभर अनेक फुटकी जहाजे अशीच लुटली गेली. कोणाला चांदी हवी होती, कोणाला दिवाणखान्यात ठेवायला काहीतरी. म्हणून २००१ साली युनेस्कोने पाण्याखालच्या वारशाबद्दल एक करार केला. शंभर वर्षांहून जास्त काळ पाण्याखाली असलेल्या वस्तूंसाठी तो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, आधी वस्तू आहे तेथेच सांभाळता येते का ते पाहा, आणि तिचा बाजार मांडू नका.

दुपारी आम्ही माहेबूरच्या किनाऱ्यावर बसून जेवलो. तेथून प्वांत देनीची बाजू दाखवली. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे प्रचंड मालवाहू जहाज तेथे प्रवाळावर चढले. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याची टाकी फुटली आणि सुमारे हजार टन तेल पाण्यात गेले. तेव्हा ही मुले चार-पाच वर्षांची होती. पण घरातली मोठी माणसे पोती शिवत होती, हे काहींना आठवत होते. या किनाऱ्यावर शेकडो लोक जमले होते. कापडाच्या लांब नळ्या शिवून त्यांत उसाचे पाचट भरत होते, तेल अडवायला ते पाण्यावर सोडत होते. कोणी आपले केस कापून देत होते, केसांना तेल धरते म्हणून. पुढे जहाज मधून तुटले, पुढचा भाग खोल समुद्रात नेऊन बुडवला, आणि किनाऱ्यावर अडकलेला मागचा भाग कापून काढायला फार दिवस लागले.

एक आजी पाचटाची गोष्ट ऐकून म्हणाल्या, “पाचट! आमच्या सासूबाईंचे हात पाचटाने कापलेले असायचे.” मुलांना ‘पाचट’ हा शब्द माहीत नव्हता. घरात क्रिओलमध्ये ‘लापाय’ म्हणतात. आजींनी तो शब्द दोनदा म्हणून दाखवला. आम्ही फळ्याशिवाय, वहीशिवाय, किनाऱ्यावर बसून त्या दिवशीचा मराठीचा तास घेतला.

आता आमची चूक.

सहलीच्या एक वर्ष आधी शाळेत ‘आमचे पूर्वज’ असे प्रदर्शन भरवले होते. मुलांना सांगितले होते, घरात जुने काही असेल तर आणा. एका मुलीने पितळेची समई आणली, एकाने जाते. आणि एका मुलाने आपल्या घरातले मजुराचे तिकीट आणले. १८६७ च्या कायद्यानंतर जुन्या मजुरांना फोटो लावलेले तिकीट सतत जवळ बाळगावे लागे. ते दाखवता आले नाही तर पोलीस धरून नेत. हे तसलेच. चार घड्या घातलेले, कडेला झिजलेले, त्यावर एका माणसाचा छोटा फोटो. डोळे सरळ कॅमेऱ्याकडे, खांद्यावर घोंगडीसारखे काहीतरी. तो त्या मुलाच्या आजीच्या सासऱ्याचा आजा.

प्रदर्शनात शेकडो हात लागणार. कागद फाटू नये म्हणून आम्ही शहाणपणा केला. दुकानात नेऊन त्याला गरम यंत्रातून प्लास्टिकचे वेष्टन करून घेतले. चकचकीत झाले. आम्हाला स्वतःचेच कौतुक वाटले. काही महिन्यांनी पाहिले तर फोटो तपकिरी होऊन पुसट झाला होता, घडीच्या रेषांवर शाई पसरली होती आणि आकड्यांची जागा डागाळली होती. यंत्राची उष्णता, प्लास्टिकचा डिंक, आत अडकलेला ओलावा, सगळे त्या कागदाला बाधले. आणि ते वेष्टन काढता येत नाही. काढायला गेले तर कागदाचा वरचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघतो.

आम्ही ते तिकीट आजींना परत दिले, पण तोंडाने काही बोललो नाही. वर्षभर बोललो नाही. आणि त्या आजी आमच्याच बसमध्ये होत्या, अशारची बाटली त्यांचीच होती.

संग्रहालयात तोफेची गोष्ट सांगताना, “वाचवायला काढले आणि वाचवण्यानेच गेले,” हे वाक्य आमच्या तोंडातून निघाले आणि आमचा घसा दाटला. परतीच्या वाटेवर आम्ही आजींच्या शेजारी जाऊन बसलो आणि सांगितले. आजी, तुमचे तिकीट आमच्यामुळे खराब झाले. आम्हाला माफ करा.

आजी खिडकीबाहेर उसाच्या शेतांकडे पाहत होत्या. म्हणाल्या, “पोरींनो, मला कधीच कळले होते. तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होते.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “फोटोचे वाईट वाटते. त्यांचा चेहरा तेवढ्यातच होता. नंबर मात्र मला पाठ आहे.” आणि त्यांनी तो सहा आकडी नंबर घडाघडा म्हणून दाखवला. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने पाठ करून घेतला होता. का, ते सासूलाही नीट ठाऊक नव्हते. तिच्या सासूने तिच्याकडून करून घेतला होता. एके काळी तो नंबर सांगता आला नाही तर माणसाला कोठडी मिळत असे. ती भीती गेली, पाठांतर राहिले.

त्या नंबरवर आम्ही पुढे गेलो. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत आपल्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत, हे आपण सर्व जाणतो. आजींच्या मुलाने जन्मदाखल्यांची साखळी जमवली, अर्ज केला. उतारा मिळाला. त्यात जहाजाचे नाव होते, उतरल्याची तारीख होती, वय, उंची, अंगावरची खूण, बापाचे नाव, जात, जिल्हा, गाव. जिल्हा इंग्रज कारकुनाने ‘रुतनाघेरी’ असा लिहिला होता. ते रत्नागिरी, हे कळले. गावाचे नाव मात्र काही केल्या लागेना. चौघींनी चार तऱ्हांनी वाचले. नकाशात तसे गाव नव्हते.

तेव्हा आजींनी विचारले, “गोंधळात आपण देवांना बोलावतो ना, त्यात आमच्या घरात शेवटी एक नाव घेतात. ते तर नव्हे?”

आपल्यापैकी ज्यांच्या घरी लग्नात गोंधळ होतो, त्यांना ठाऊक आहे. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, अशी एकेका ठिकाणची देवता गोंधळाला बोलावतात. मग घराण्याची, मग गावची. आजींच्या घरात शेवटी जी देवी बोलावतात, तिच्या नावाआधी एक शब्द येतो. घरातल्या कोणालाच त्याचा अर्थ माहीत नव्हता. तो देवीच्या नावाचाच भाग आहे, असे सर्वांना वाटे. आम्ही तो शब्द उताऱ्यातल्या अक्षरांशेजारी लिहिला. कारकुनाने कानाने ऐकून जे लिहिले होते, ते हेच होते. ते देवीच्या गावाचे नाव होते. रत्नागिरीच्या नकाशात ते गाव आजही आहे. त्याचे नाव येथे सांगत नाही, ते सांगण्याचा मान त्या घरच्यांचा.

कागद आम्ही बिघडवला होता. नंबर सुनांच्या तोंडी राहिला आणि गाव गोंधळात राहिले. एकाने दुसऱ्याला ओळख दिली. सरकारी वहीत नुसती अक्षरे होती, घरात नुसता आवाज होता, आणि दोन्ही एका ठिकाणी आली तेव्हा कुठे गाव सापडले.

त्या मुलाला आम्ही आता सांगू शकतो. हो, म्हणजे तोच मुलगा. घाटावर जहाजाचा तुकडा मागणारा आणि तिकीट आणणारा एकच. आपले जहाज बुडाले नाही, म्हणून त्याचे सामान समुद्रात नाही. ते सामान माणसांनी खांद्यावर घेऊन सोळा पायऱ्या चढवले आणि घराघरांत नेऊन ठेवले. ते अजून तेथेच पडले आहे, आणि दरवर्षी त्यातले थोडे जाते. आमच्या मराठीच्या वर्गात पूर्वी बाक पुरत नसत, आता मुले मोजायला दोन हात पुरतात. आजीचा शब्द नातवाला कळत नाही, म्हणून आजी तो बोलायचे सोडते. मग तो शब्द कोणी चोरत नाही, जाळत नाही, तरी जातो.

म्हणून या सोहळ्याच्या निमित्ताने आम्ही चार गोष्टी मागतो. पैसे मागत नाही, घाबरू नका.

पहिली. घरात जुने तिकीट, पास, कंत्राटाचा कागद, फोटो असेल तर त्याला प्लास्टिकचे वेष्टन करू नका, चिकटपट्टी लावू नका, मागे गोंद लावून चौकटीत बसवू नका. स्वच्छ, कोरड्या हातांनी एकदा फोनवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि कागद साध्या पांढऱ्या कागदात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आमच्या चुकीतून एवढे तरी तुम्हाला मिळू द्या.

दुसरी. वस्तू कोठे होती ते लिहून ठेवा. समई कोणाच्या लग्नात आली, जाते कोणत्या कापातून कोणत्या गावी नेले, कोणाच्या खोलीत होते. एक ओळ पुरे. जागा गेली की गोष्ट जाते, हे आम्ही माहेबूरला शिकलो.

तिसरी. गोंधळात, गणपतीच्या आरत्यांनंतर, झाकरीत आपल्या घरी जे काही म्हणतात, ते जसे म्हणतात तसेच आवाजात साठवून ठेवा. अर्थ लागत नाही म्हणून शब्द गाळू नका, शुद्ध करू नका. ज्या शब्दाचा अर्थ लागत नव्हता, त्याच शब्दात एका घराचे गाव होते.

चौथी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नंबर विचारा, नावे विचारा, आणि विचारायला आपल्याऐवजी मुलाला पाठवा. आपल्याला त्या म्हणतात, “कशाला ते जुने?” नातवाला सांगतात.

त्या आजींनी घरी त्या बिघडलेल्या तिकिटाशेजारी नवा उतारा ठेवला आहे. फोटोत आता नीट काही दिसत नाही. पण परवा त्यांच्या नातवाने आम्हाला वर्गात येऊन तो सहा आकडी नंबर म्हणून दाखवला. मराठीत म्हटला. मध्ये एकदा चुकला, थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटला.